कितवी

धापोच्या मनगटाला प्लास्टर, सहा आठवडे.
म्हशीने नाही पाडलं तिला, धुक्याने पाडलं.
ओल्या शेणावर पाय गेला
आणि जमिनीवर हात आधी पोचला.
जींदच्या डॉक्टरने फोटो उजेडाला धरला
तर मला तुटलेली तार दिसली.
सांधता येते. पण तोवर लाइन बंद.

मी लाइनमन. एकतीस वर्षं खांबावर चढून
अकरा हजार व्होल्टशी बोललो,
कणकेशी कधी नाही.
शेजारची किताबो म्हणाली, मी देत जाईन रोट्या.
धापो म्हणाली, कशाला, घरात दोन हात आहेत अजून.
ते माझे, हे कळायला
मला जरा वेळ लागला.

ती खाटेवर, मी परातीपुढे मांडी घालून.
"पाणी एकदम नको. पीठ मागेल तसं."
पीठ मागतं कसं, ते काही सांगत नाही.
पहिल्या दिवशी चिकटलं
बोटांना, कडीला, चष्म्याला, मिशीला.
दुसऱ्या दिवशी इतकं घट्ट
की लाटण्यानेच हात टेकले.
तिंबा, म्हणाली. अजून तिंबा.
कानाच्या पाळीइतकी मऊ झाली पाहिजे.
मी माझी पाळी चाचपली.
"तुमची नको. तुमचे कान निबर. माझी बघा."

बेचाळीस वर्षांत तिच्या कानाला
दिवसाउजेडी हात लावला तो असा.
पाळीवर पिठाचा ठसा राहिला.
डावा हात मोकळा होता तिचा,
पुसला नाही.

नवव्या दिवशी एक फुगली.
तव्यावर आधी दोन-चार फोड, मग चिमट्याने जाळावर,
आणि तिने आतून श्वास घेतला.
फ्यूज बसवला की गल्लीभर दिवे लागतात
आणि पोरं ओरडतात,
तसं वाटलं मला,
फक्त ओरडायला कुणी नव्हतं.

"पहिली गायीची," धापो म्हणाली.
दिली. गाय वळणावर उभीच होती, तिला वेळ ठाऊक.
शेवटची कुत्र्याची, हेही मला माहीत.
मधल्या आमच्या.
माझ्या, ताट रिकामं होण्याआधी येणाऱ्या.
बापूंच्या, ते होते तोवर, दोन्ही बाजूंनी तूप लावलेल्या.
पोराच्या, गुळाबरोबर गुंडाळून.
कापणीला आलेल्या माणसांच्या, मोजदाद नसलेल्या.
धापोची कितवी?

विचारलं.
गळ्यातली झोळी तिने नीट केली.
"मोजायला कुणाला वेळ होता?
उरेल ती."

आमच्याकडे धापणं म्हणजे पोट भरणं.
ही पाचवी मुलगी झाली, तेव्हा बाप म्हणाला,
झालं, धापलो, आता पुरे देवा.
पोट त्याचं भरलं,
नाव हिला लागलं.

दुसरीही फुगली. अर्धीच, एका अंगाने,
डोहाळ्यांची बाई कलून बसते तशी.
तूप लावून मी सरळ तिच्या हातावर ठेवली
आणि तिने हात झटकला.
उघड्या बोटांनी तवा उचलणारी बाई,
तिला चटका बसला.
रोटी ताटलीत पडली. वाफ वर जात राहिली,
ती वाफेकडे बघत बसली.

खा की, मी म्हणालो.
निवू दे जरा, म्हणाली. गरम खायची सवय नाही.

मग एक तुकडा तोडला, डाव्या हाताने, वेडावाकडा.
लहान मुलाला भरवताना फुंकतात
तसा फुंकला, स्वतःसाठी.
चावत राहिली बराच वेळ.
मला वाटलं काहीतरी बोलेल.

मी चिमटा धरून उभा.
बाहेर धुकं, कुठलाच खांब दिसत नव्हता.

"तवा जळतोय," ती म्हणाली,
"पुढची टाका."